कारणाचा रकाना

सांगली महापालिकेत मी मृत्यू नोंदवते.
खिडकी नंबर तीन. दोनला जन्म.
मधे एकच पंखा, तो जन्माकडे जास्त वळतो.

एरवी दिवसाला अकरा, बारा.
एप्रिल संपता संपता सतरा. मग एकवीस.
एका बुधवारी फॉर्मच संपले,
झेरॉक्स काढायला कोपऱ्यावर मीच गेले, छत्री उघडून.

पूर आला की आयर्विन पुलाशी फुटांची पट्टी असते.
माणसं कठड्याला टेकून वाचतात, चाळीस, त्रेचाळीस,
पैजा लावतात, पाहुण्यांना फोन करतात.
उन्हाला पट्टी नाही.
ते घराघरात वेगळं चढतं
आणि कुणाच्या उंबऱ्यावर चिखल ठेवून जात नाही.

बाळगोंडा मगदूम, एकसष्ट, हमाल.
दिवसभर बेदाण्याची खोकी आत लावली,
कोल्ड स्टोरेजच्या त्या चार डिग्रीत
जिथं बेदाणा सुखानं वर्ष काढतो.
रात्री संजयनगरला, पत्र्याखाली.
मुलगा सांगत होता, तीनदा उठून
भिंतीला पाठ लावून बघितली त्यांनी.
भिंतच तापलेली.
कारण: हृदयक्रिया बंद.

शिवलिंगव्वा हळिंगळे, अठ्ठ्याहत्तर, गावभाग.
एकटी. चोराच्या भीतीनं खिडक्या लावून झोपायची.
दाराच्या कडीला दुधाच्या दोन पिशव्या,
कालची आणि आजची, दोन्ही फुगलेल्या.
कारण: वार्धक्य.

मैनुद्दीन तांबोळी, त्रेचाळीस, कुपवाडच्या फौंड्रीत.
कारण: हृदयविकार.

खोटं कुणीच लिहिलेलं नाही.
हृदय बंद पडल्यावाचून कोण मेलंय आजवर?

तेव्हापासून समासात शिसपेन्सिलीनं
मी एक आकडा लिहू लागले, पेपरातून बघून.
आधी दुपारचा लिहायचे. तो जुळेना.
मग रात्रीचा लिहिला.
रात्र उतरली नाही की दोन दिवसांनी रांग.
वळवाची एखादी सर येते, लोक अंगणात म्हणतात, सुटलो बाई,
आणि त्याच सकाळी माझ्या खिडकीशी
सहा-सात जण, हातात आधार कार्डं.

ऐवळे साहेबांना वही दाखवली.
म्हणाले, पिकली पानं हो, मॅडम.
आज नाही तर दोन महिन्यांनी गेलीच असती.
ऊन नुसती घाई करतं.

मी वाद घातला नाही. जूनची वाट बघितली.
घाईच असेल, तर पुढचे दिवस तेवढे रिकामे जायला हवेत,
उसनं नेलेलं कुठंतरी फिटायला हवं.
जून: बारा, अकरा, तेरा, बारा.
जुलै: अकरा. बारा. बारा.
कुणीही काहीही परत केलेलं नव्हतं.

आणि मैनुद्दीनचं पान तर हिरवं होतं, साहेब.
हे मी मनात म्हणाले. बढती अडलेली आहे माझी.

ऑगस्टात मगदूमांचा मुलगा आला.
नावात चूक: बाबगोंडा हवं, बाळगोंडा झालंय.
विम्याचं काम अडलंय.
यार्डात हळदीची पोती उचलतो, बोटं पिवळी,
धुतली तरी जात नाहीत म्हणाला, आणि फॉर्मवर अंगठा उमटवलाच.
मी बाळ खोडून बाब केलं, सही केली, शिक्का मारला.

तो तिथंच उभा.
"कारणाचं पण दुरुस्त हुतं का वो?"
त्याला डॉक्टरचा कागद लागतो, मी सांगितलं.
"आणि ही पेन्सिलीनं काय लिवलंय, बाजूला?"
त्या रात्रीचं तापमान. अठ्ठावीस.
"कुठलं?"
सांगलीचं.

त्यानं वही स्वतःकडे फिरवली.
आकड्यावर बोट ठेवलं, बराच वेळ,
जसं कुणाचं अंग बघावं, ताप आहे का.

"आमच्यात अठ्ठावीस नव्हतं, मॅडम."

पलीकडे दोनला कुणाचं तरी नाव ठरत नव्हतं,
बाई हसत होत्या.
मी पेन्सिल त्याच्यापुढे सरकवली.
त्याला आकडा माहीत नव्हता.
मलाही नाही.
समासात एक पिवळा डाग आहे तेवढा.