कारणाचा रकाना

ते पत्र मीच टाइप केलं होतं.
‘आपला होडीचा परवाना
सोमवारपासून रद्द करण्यात येत आहे.’
करण्यात येत आहे.
कोण करतंय, ते वाक्यात नव्हतं.
खाली ‘कारण’ असं छापलेलं,
पुढे दोन ओळी मोकळ्या.
त्या मोकळ्या ओळींखाली नोलुवुयो बाईंनी सही केली,
मी शिक्का मारला.
चहाची वेळ झाली होती.

वुयिसिले न्दामासे पत्र घेऊन आला
पावाच्या पिशवीत, भिजू नये म्हणून.
चाळीस वर्षं उम्झिम्वुबु नदीच्या पलीकडे
शाळेची पोरं, शेळ्या, एकदा अडलेली बाळंतीण
नेऊन सोडलेला माणूस.
खिडकीशी वाकून एवढंच विचारलं, ‘का?’
मी म्हणालो, ‘वरून आलंय.’
त्यानं खरोखरच वर पाहिलं.
छताचा पंखा बंद होता.

मग म्थाथाचं न्यायालय. दोन वर्षं, चार महिने.
सरकारी वकील म्हणाले,
हा कचेरीच्या अखत्यारीतला प्रश्न आहे.
न्यायाधीश बाई म्हणाल्या, असेल.
पण अखत्यार म्हणजे झाकली मूठ नव्हे;
ती घटनेनं दिलीय, मागितली की उघडावी लागते.
ज्याचं काढून घ्यायचं, त्याला आधी विचारा.
मग का काढलं, ते लिहून द्या.
पत्र रद्द.

आवारात बायकांनी आनंदानं जिभा थरथरवल्या.
वकिलानं त्याला बाजूला घेतलं:
परवाना मिळालेला नाही, बाबा.
प्रश्न फक्त परत गेलाय,
त्याच कचेरीत, त्याच टेबलावर.
‘मग मी जिंकलो ते काय?’
वकील चष्मा पुसत राहिला.
‘त्यांनी तुम्हाला विचारणं,’ तो म्हणाला.

मंगळवारी तो आला, लग्नातला कोट घालून.
नोलुवुयो बाईंनी खुर्ची मोकळी केली
(तिच्यावर आजवर फायलीच बसत).
‘होडीच्या तळाला तडा आहे, असा अहवाल होता.
तुमचं काय म्हणणं आहे?’

टेबलाच्या काठावरून तो बराच वेळ बोट फिरवत राहिला,
लाकडाची नस बघावी तसं.
‘आहे,’ म्हणाला. ‘डाव्या अंगाला. वीतभर.
तेव्हाच विचारलं असतं
तर मीच सांगितलं असतं.
डांबर कुठलं लागेल, तेसुद्धा.’

मी लिहून घेत होतो, शब्द न् शब्द.
दोन ओळींत मावेना.
पान उलटलं.