सोर

निवृत्त होऊन तीन वर्षं झाली
तरी मी रस्त्याने चालताना दुभाजक तपासायचो.
कुठे रंग उडालाय, गटाराचं कुठलं झाकण तिरकं बसलंय,
आणि मला ते दिसलंय, हे कुणाला दिसतंय का.
पाहुण्यांना गच्चीवर न्यायचो,
हात लांब करून म्हणायचो,
हे सगळं चिखल होतं हो, मी आलो तेव्हा.
बायको चहा घेऊन वर यायची ती बरोबर याच वाक्याला.

खणात अजून दोनशे कार्डं होती.
जाड कागद, उठावाची अक्षरं.
व्ही. बी., आणि खाली पद, नावाहून लांब.

दिवाळ्याच्या धक्क्यावर मी गेलो ते साखर वाढली म्हणून.
डॉक्टर म्हणाले, खाडीपर्यंत चाला.
तिथे चांगुणाबाय जाळं मांडीवर घेऊन बसलेली,
पायाच्या अंगठ्यात एक टोक अडकवून.
मी उभा राहिलो, जसा कामाच्या जागेवर उभा राहायचो,
कुणीतरी खुर्ची आणेल अशा बेताने.
तिने मान वर केली नाही.
"उजेरात उबा हाईस. सरक."

सरकलो.
आणि सरकता सरकता सांगून टाकलं
मी कोण होतो, किती वर्षं, कुठले कुठले सेक्टर.
"मंजे आमची मिठागरा गेली त्या कागदावं
तुजी सही व्हती?"
होती. एक माझीही होती.
"अक्षर तरी बरा हाय का तुजा?"
ती हसली. मला हसता आलं नाही.
मग तिने विचारलं,
"कोनाचा तू?"

इतक्या वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं.
बापाला मी एका अक्षरात घडी घालून ठेवलं होतं,
पुढे एक टिंब.
"भिवाचा," म्हणालो.
"कंचा भिवा?"
"पेणचा. बाजा विणायचा. काथ्याच्या."
आवाज माझाच होता,
पण खूप दिवस बंद असलेल्या नळासारखा,
आधी नुसती हवा, मग थोडं गढूळ.
"मंग आदी असा बोलाचा ना," ती म्हणाली,
आणि जाळ्याची फाटकी कड माझ्याकडे सारून
सुई हातात दिली.

पहिली गाठ मी आवळली ती निविदा उघडतात तशी,
ओठ घट्ट मिटून.
चुकली. दुसरी तिच्यावरच बसवली,
झाकली जाईल म्हणून. तिसरी तिच्यावर.
चांगुणाबायने नखाने ते गठुळं दाबून पाहिलं.
"सोर."
मला कळलं नाही.
"चुकली तं सोर. वर वर काय बांदतोस?
यातून मासा बी जानार नाय आनि पानी बी."

सोर म्हणजे सोड.
एवढ्या वर्षांत या गावांची भाषा
मी फक्त हरकतींच्या अर्जांत वाचली होती,
तीही कारकुनाने शुद्ध करून दिलेली.

अर्धा तास गेला ते गठुळं सुटायला.
नायलॉन बोटांना कापतं.
मधेच अंगठा आपोआप वळला,
दोरा खालून घेऊन तर्जनीवर आडवा,
आणि मी थांबून त्या अंगठ्याकडे बघत राहिलो.
बापाचा अंगठा असाच वळायचा.
शाळेतले मित्र घरी आले की
मी त्याला बाज घेऊन परसात बसायला सांगायचो.
तो जायचा. काही म्हणायचा नाही.

आता मंगळवार, शनिवार जातो.
तिची नात रिद्धी दोरा गुंडाळायला पुठ्ठा शोधत होती,
तर खणातली कार्डं नेऊन दिली.
तिने एक मधोमध कापलं, खाचा पाडल्या,
आणि हिरवा दोरा पदावरून, मग नावावरून फिरत गेला.
बरं वाटलं. थोडं दुखलंही, खोटं कशाला बोलू.

सुटलं सगळं, असं नाही.
कालच येताना एक झाकण तिरकं दिसलं
आणि ठेकेदाराला फोन लावला.
"कोण बोलतंय?" तो म्हणाला.
मी पद सांगायला तोंड उघडलं,
आणि खाडीकडून वारा आला, सुकटीचा वास घेऊन.
"भिवाचा मुलगा," म्हणालो.
त्याने राँग नंबर म्हणून ठेवला.
झाकण मी पायाने सरळ केलं.