दस्ता

जतचे हवालदार यमगर
सायकलच्या कॅरिअरला बांधून घेऊन आले
खताच्या पोत्यात गुंडाळलेलं नुसतं लाकूड.
लोखंड कोठारात, कुलपात, सहीशिक्क्यात.
"तसंबी नळीला भोक पाडल्यालं हाय," म्हणाले,
"कवायतीपुरतीच रायफल. पण सव्वीस जानेवारी आलीया.
मिरजेत लाकडाला तुमच्यावानी हात कुणाचा?"

भोपळे टांगलेल्या आढ्याखाली
अब्बांनी ते मांडीवर आडवं घेतलं
आणि सवयीनं बोटाच्या पेरानं टकटक केली.
कान लावला.
पुन्हा टकटक.
"अक्रोड. पण बोलत नाही.
तेल पिऊन पिऊन सुस्त झालंय."

हवालदारांना चमक हवी होती:
"असं पॉलिश मारा, सायबाला मिशा दिसल्या पायजेत."
अब्बा हसले नाहीत.
चपडा सितारीला. हिला नाही.
चमकणारी बंदूक उन्हात चहाडी करते
आणि घामेजल्या मुठीतून सुळकन निसटते.
हे त्यांना कुणी शिकवलं, ठाऊक नाही.
आमच्यात कुणी खापरपणजे
तलवारींना धार लावायचे, असं सांगतात;
गिऱ्हाईक गेलं, मग तारा आल्या.
अब्बा त्यावर कधी बोलत नाहीत.

जुनं काळं तेल मी धुण्याच्या सोड्यानं काढलं.
फडकी तपकिरी, बादली तपकिरी,
नखं आठवडाभर तशीच.
मग ओलं फडकं, वर तापलेली इस्त्री.
वाफ चुरचुरली
आणि दबलेलं लाकूड हळूहळू वर आलं,
एक पोचा, दोन पोचे,
तिसरा हट्टी, तो आलाच नाही.
"दबलेलं वर येतं," अब्बा म्हणाले,
"तुटलेलं येत नाही. सोड त्याला."

नंबराच्या खाली कुणीतरी खिळ्यानं
नाव कोरायला घेतलं होतं.
'ल', आणि पुढे अर्धी रेघ.
शिट्टी वाजली असावी.

गाल टेकतो तिथे तळव्याएवढा डाग:
किती जणांचा घाम, किती दाढ्यांचे खुंट,
मिसरूड न फुटलेलेही असतील त्यात.
मी पॉलिशपेपर उचलला तशी
अब्बांनी मनगट धरलं. नंतर चहा पिताना म्हणाले,
"जमलेल्या जवारीवर उगाच कानस मारतोस का?"

मग अकरा दिवस जवसाचं तेल,
दोनच थेंब, तळहात तापेपर्यंत.
थांबायचं कुठे, हेच मला कळेना;
इथे खुंटी नाही पिळायला,
जुळला म्हणायला सूर नाही.

यमगर आले. मिशा दिसल्या नाहीत
म्हणून थोडे हिरमुसले.
मग उगाच, बघावं म्हणून, दस्ता खांद्याला लावला,
गाल टेकवला, डावा डोळा मिटला.
नंतर उजवाही.
बराच वेळ तसेच उभे.
पैसे दोनदा मोजले, तरी दहा रुपये जास्तच दिले.

रंगीत तालमीच्या दिवशी
अब्बा भाजीची पिशवी घेऊन
कॉलेजच्या कुंपणाशी थांबलेले.
पोरी, पोरं, टोप्यांवरचे लाल गोंडे.
सलामी… शस्त्र!
चाळीस तळवे चाळीस दस्त्यांवर
एकदम.

अब्बांची मान किंचित कलली.
"तिसरी रांग, डावीकडून दुसरी,
ती दोन वेण्यांची.
बोलली बघ," म्हणाले,
आणि पिशवी या हातातून त्या हातात घेत,
"जरा चढी लागतीय."