सुधारणेस वाव

अचानक तपासणी म्हणतात हिला.
पण रविवार कारंजावरच्या शाखेत पोचले तेव्हा
टेबल पुसलेलं, पंखा माझ्या खुर्चीकडे वळवलेला
आणि शिपाई गांगुर्डे विचारतो,
"मॅडम, बिनसाखरेचाच ना?"

म्हणजे मुख्य कार्यालयातला फोन
माझ्या रिक्षाच्या आधी निघाला होता.

फायली रांगेत. शाळातपासनीस यायच्या दिवशी
तेल चोपडून बसवलेल्या पोरांसारख्या.
मी बघते ते त्या दिवशी घरी ठेवलेलं पोर:
कपाटामागे पडलेलं एखादं रजिस्टर,
काल रात्रीच्या शाईचा वास येणारी
गेल्या मार्चची सही.

शाखाधिकारी गायधनी सर.
एकोणीस वर्षांपूर्वी, सातपूर शाखेत,
याच माणसाने मला नोटा मोजायला शिकवलं.
डोळ्यांवर जाऊ नकोस, कान दे,
खोटी नोट बोलत नाही.
आज त्यांच्याच तिजोरीपुढे उभी राहून मी म्हणते,
"सर, दुसरी किल्ली?"
दोन किल्ल्या दोन माणसांकडे, असा नियम.
दोन्ही एकाच जुडग्यातून निघतात,
मधे स्कूटरची.

सोनेतारणाच्या पिशव्या एकशे बारा.
अठ्ठ्याहत्तरावीची सुतळी जुनी.
लाख नवी.
इंदुबाई पेखळे, मखमलाबाद. चार पदरी पोत.
व्याज दर महिन्याला, दहा तारखेच्या आत.
कागद म्हणतो सत्तेचाळीस ग्रॅम,
काटाही म्हणतो सत्तेचाळीस.
वजन काय, बरोबर असतंच.
मूल्यांकक विसपुते
कसोटीचा दगड नेमका आज घरी विसरलेत.
सर दाराशी, माझ्याकडे पाठ करून,
भिंतीवरचं कॅलेंडर वाचतायत.
निवृत्तीला चार महिने.

मी हिरव्या पेनचं टोपण काढलं
आणि बराच वेळ तसंच धरून बसले.

निघताना गंगेवर गेले, उगाच.
दुतोंड्या मारुती उन्हात उभा.
पायाशी द्रोण, विझलेल्या वाती, एक प्लास्टिकची चप्पल.
धरणातून पाणी सोडलं की सगळं नाशिक याला विचारतं:
गुडघ्याला लागलं का? कमरेला? गळ्याला?
आणि सराफ बाजार त्याच्या शब्दावर दुकानं उचलतो.
नदीचाच माणूस, नदीतच उभा,
नदीचं माप सांगणारा.
त्याला कुणी म्हणत नाही,
कमरेला ऐवजी "पाण्याशी संपर्क" लिहा.

मला म्हणतात.
रात्री लिहिलं होतं: गंभीर अनियमितता.
सकाळी साहेबांचा फोन.
"शब्द तेवढे बघा. विसपुते अध्यक्षांचे साडू.
आणि हो, बदल्यांची यादी निघतेय,
नंदुरबारची हवा चांगली आहे म्हणतात."
दुपारपर्यंत गंभीर गळलं.
अनियमिततेची त्रुटी झाली.
तिसऱ्या मसुद्यात त्रुटीही उरली नाही:
"सोनेतारण विभागात सुधारणेस वाव आहे."

किती वाव, ते कुणी विचारलं नाही.
चार पदरी पोत मावेल एवढा.

शाखेचं उत्तर मला आधीच पाठ आहे.
"नोंद घेतली. पूर्तता केली."
मागच्या वर्षीही केली होती.
त्याच्या मागच्या वर्षीही.

चौथ्या मसुद्यात मी वाद घातला नाही.
वाव राहू दिला.
फक्त परिशिष्ट पाचमध्ये, वजनांच्या तक्त्याखाली,
बारीक अक्षरात एक ओळ घातली:
पिशवी क्रमांक अठ्ठ्याहत्तर. सुतळी जुनी, लाख नवी.
दुसऱ्या सराफाकडून कस तपासलेला नाही.
विशेषण एकही नाही.
त्यांची कात्री विशेषणांवर चालते,
सुतळीवर चालेल का, माहीत नाही.
परिशिष्ट कुणी वाचतं का,
तेही माहीत नाही.

संध्याकाळी गायधनी सरांचा फोन आला.
मी उचलला.
"सर?"

त्यांनी शिकवलं होतं तसा
कान दिला.