दोघी मूळच्याच

जुबैलच्या इस्पितळात, तिसऱ्या मजल्यावर
सुदानी डॉक्टर इंग्रजीत सांगतो,
मी ते मराठीत उतरवतो
आणि सलाउद्दीन खलफे ऐकतो
ओठांवर रुमाल धरून.

माझं काम स्टोअरमधलं.
बोल्ट, गॅस्केट, हातमोजे
मोजून द्यायचे, सही घ्यायची.
आज शब्द मोजून द्यायचेत,
सही त्याचीच आहे.

दोन गाठी, डॉक्टर म्हणाला.
एक अन्ननलिकेत, मधोमध.
एक खाली, जठरात.
दम्मामहून तपासणी आली आहे.
हिच्यातून ती फुटलेली नाही,
तिच्यातून ही नाही.
दोन्ही प्रायमरी.

इथे मी अडलो.
"प्रायमरी?" सलाउद्दीन म्हणाला,
"बाणकोटला चौथीपर्यंत होतो की मी."
आणि हसला.
हसू अर्ध्या वाटेत अडकलं,
तिथेच, जिथे परवा
इडलीचा तुकडा अडकला होता.

प्राथमिक म्हणू? आद्य?
आमच्या गुहागरकडे म्हणतात स्वयंभू,
पण तो शब्द देवासाठी ठेवलेला.
मी गिळला.
मला अजून गिळता येतं.

मग म्हटलं, आपली खोली बघ.
कॅम्प, सात नंबर.
तू बाणकोटचा, मी गुहागरचा,
दाराजवळचा शफीकुल सिल्हेटचा.
कोण कुणाचा भाऊ नाही,
कुणी कुणाला आणलं नाही,
ज्याचा त्याचा व्हिसा, ज्याचा त्याचा एजंट.
खोली तेवढी एक.

त्याला लगेच कळलं.
"आणि भाडं?" म्हणाला,
"भाडं माझ्या एकट्याच्या पगारातून?"

डॉक्टरने कागदाच्या पाठीवर नळी काढली,
खाली एक पिशवी, दोन फुल्या.
सलाउद्दीनने पेन मागून घेतलं.
तेवीस वर्षं हा रिफायनरीत
पाइपांच्या पोटात कॅमेरा घालतोय.
त्याने बाण काढला, प्रवाह कुठून कुठे.
वरच्या दातांपासून किती सेंटीमीटर, विचारून
आकडा लिहिला.
पहिल्या फुलीच्या खाली, दुसरीच्या वर,
मधल्या निरोगी जागेवर
बारीक तुटक रेघा मारत गेला.

एका जागी गंज दिसला
की पुढचे वीस मीटर बघायचे,
हे मला त्यानेच शिकवलं होतं,
गॅस्केट नेताना, उभ्याउभ्या.
आतून अख्खी भिंतच थकलेली असते, म्हणायचा.
पहिलं भोक कुठे, एवढंच बाकी असतं.

डॉक्टर त्या रेघांकडे बघत राहिला.
भाषांतर करायची वेळच आली नाही.

अडचण पुढे होती.
वरचीला आधी किरणं दिली तर खालची वाढेल.
खालची आधी कापली
तर पोट शिवून बरं होईपर्यंत वरची थांबेल का?
आणि अन्ननलिका काढलीच
तर नवी बनवतात ती जठराचीच,
तेच ओढून वर आणतात.
आता जठरातही पाहुणी.

"म्हणजे स्पेअर म्हणून ठेवलेला तुकडाही
गंजलेला निघाला," सलाउद्दीन म्हणाला.
हे मी इंग्रजीत सांगितलं नाही.
स्टोअरकीपरला असं वाक्य लागतं.

संध्याकाळी समुद्राकाठी बसलो.
इथला समुद्र पूर्वेला,
सूर्य मावळतो चिमण्यांच्या मागे, जमिनीवर.
इतक्या वर्षांत हे काही
अंगवळणी पडलं नाही.

त्याने घरी फोन लावला.
रुकय्या, ऐक, म्हणाला,
एक गाठ आहे. छोटी. पोटात.
डॉक्टर चांगला आहे.
हो, मी एकटा नाही. हा आहे सोबत.

एकच सांगितली.
दुसरी त्याने माझ्याकडे ठेवली,
पावती न घेता.

मी कॅफेटेरियातून दोन चहा आणले.
पहाटे साडेचारच्या बसआधी
उकळता पेला एका दमात रिकामा करणारा तो,
झाकण काढून
वाफ बघत बसला.

"तू पी," म्हणाला.
"मी याला जरा
निवू देतो."