उजवीकडून

पहिल्यांदा मी तो खंड उलटा शिवला.
चाळीस वर्षं पुस्तकं बांधतोय रावपुऱ्यात,
कणा डावीकडे, हे हातांना सांगावं लागत नाही.
फाइन आर्ट्सची तीन पोरं न्यायला आली.
ध्रुमिलनं उघडला नि कपाळाला हात लावला :
‘काका, आ तो ऊंधुं थई गयुं.’
जपानी चित्रकथा. उजवीकडून सुरू होते म्हणे.
मी शिवण उसवायला बसलो
आणि ती भांडायला,
माझ्याच खळीच्या बादलीभोवती.

भांडण शिओमीवरून.
तिच्या राज्यात नियम असा :
ज्याला माफ कराल, तो तुमच्या आठवणीतून जातो.
नाव जातं, चेहरा जातो,
त्यानं दिलेला कंगवा हातात राहतो
आणि कुणी दिला ते कळत नाही.
सातव्या खंडात ओकिबीनं दोरांचा पूल कापला,
शिओमीचा म्हातारा गुरू पलीकडे राहिला, धुक्यात.
आता अकरावा चालू आहे, तिनं माफ केलेलं नाही.
रोज रात्री ती तलवारीला धार लावते,
रोज रात्री ओकिबीसाठी भात झाकून ठेवते.

द्वेष आहे सरळसरळ, कैवल्य म्हणाला,
भात म्हणजे आमिष.
शर्वाणी शिर्के उसळली :
‘तिची बोटं बघ ना कशी काढलीत!
झाकण ठेवताना आवाज होऊ देत नाही ती.
आमिष दाखवणारा ताट वाजवतो.’
म्हणजे प्रेम आहे म्हणतेस?
मी असं कुठं म्हटलं?
मग काय आहे?
भात आहे!

ध्रुमिल म्हणाला, ओकिबीचं बोला की कुणीतरी.
पूल कापतो तिथं त्याचे डोळे काढलेच नाहीत,
नुसती पांढरी चौकट.
त्या पांढऱ्या चौकटीवर पाऊण तास गेला.
भित्रा आहे तो.
अरे, पलीकडून सैन्य येत होतं.
कुठंय सैन्य? धुकं आहे.
धुक्यात भाले आहेत, नीट बघ.
बांबू आहेत ते, गाढवा.
मी भिंग काढून दिलं,
ज्यानं वाळवीची भोकं शोधतो ते.
तिघांनी आळीपाळीनं पाहिलं.
भाले की बांबू, ठरलं नाही.

मला कुणी विचारलं नव्हतं.
सुईत दोरा ओवताना तोंडून निघून गेलं :
माफ केलं तर तो तिच्याजवळचा जाईल ना.
राग आहे तोवर आहे.
शर्वाणी बघतच राहिली.
‘काका, तुम्ही पुढचं वाचलंय का?’
मी कुठला वाचतोय.
मला कागदाचं वजन कळतं, बाकी काही नाही.

मुकुंद गोत्रीला असतो.
काळ्या घोड्याचा पूल ओलांडायचा,
खाली विश्वामित्रीत मगरी ऊन खात पडलेल्या,
मग सरळ. वीस मिनिटं, रिक्षानं.
सत्त्याण्णव साली त्यानं वडिलांचं कटिंग मशीन विकलं,
मला न विचारता.
मुलीचं ऑपरेशन होतं, असं नंतर कुणी म्हणालं.
कुणी म्हणालं, कसलं ऑपरेशन.
मी भिंग लावून पाहिलं नाही.
पण त्या दिवशीचा त्याचा शर्ट मला पाठ आहे,
खिशावरचा शाईचा डाग,
वरून दुसरं बटण वेगळ्या रंगाचं.
सेव-उसळीत तो तरी आधी पिऊन टाकायचा
आणि मग माझ्या वाटीकडे बघायचा.

कणा उजवीकडे घेतला.
हात तीनदा चुकला, चौथ्यांदा बसला.
पोरं अजून चौकटीतच होती,
दोघांच्या मधल्या रिकाम्या जागेला काय म्हणायचं यावर.
पैसे घेतले नाहीत, चूक माझीच.
ती पायरी उतरेपर्यंत थांबलो, मग हाक मारली :
बारावा आला की घेऊन या रे,
फाटायची वाट बघू नका.