नको

फोनवर दोनच बटणं येतात,
"आत्ता" आणि "आज रात्री".
तिसरं नाही.
पोलोग्राउंडच्या ऑफिसात बत्तीस वर्षं
लोकांच्या विजेच्या बिलांशी भांडले मी,
तिथे अर्जावर मारायला "नामंजूर"चा शिक्का तरी होता.

मागच्या चैत्रात थकून "आज रात्री" दाबलं.
सकाळी फोन नवा कोरा,
अक्षरं गोलसर, घड्याळ सरकून मधोमध आलेलं,
आणि कानातलं यंत्र मुकं.
त्याचं ॲप म्हणालं, या आवृत्तीवर मी चालत नाही.
एवढं बोलून तेही मिटलं.

अकरा दिवस मी कुकर वाफेवरून ओळखला.
अकरा दिवस कचऱ्याची गाडी
गाणं वाजवत सुदामा नगरातून गेली
आणि मला पत्ता नाही.
ओला डबा भरलेला, सुका डबा भरलेला,
दोन्ही दारात, जगाला दिसतील असे.
इंदुरात याहून मोठी नाचक्की कुठली?
समोरच्या बोर्डियाबाई गच्चीतून हात करत होत्या, गाडी आली, गाडी आली,
मी आपला हसून हात हलवला.

कंपनी म्हणाली, नवं यंत्र घ्या.
एका कानाचे साठ हजार,
जोडी घेतलीत तर एक लाख दहा.
जसं काही एक चप्पल कोणी घेतच नाही.

शेवटी भाच्याच्या ड्रॉवरमधून जुना फोन निघाला.
काच तडकलेली, आवृत्ती जुनी.
त्याने माझा कान ओळखला.
पहिला आवाज आला तो पंख्याचा.
इतका वाईट कुरकुरतो, कोणी सांगितलंच नव्हतं.

आता तोही रोज विचारतो. आत्ता? की आज रात्री?

म्हणून जेल रोडवर तौसीफकडे गेले.
"आंटी, यहाँ सात बार टॅप करो."
केलं. पाचव्याला बोट घसरलं, पुन्हा पहिल्यापासून.
सातव्याला फोन म्हणाला,
अभिनंदन, तुम्ही आता डेव्हलपर आहात.
वयाच्या एकाहत्तराव्या वर्षी. पेन्शनवर.
मग त्याने आत कुठेतरी एक निळी टिकली राखाडी केली,
पैसे घेतले नाहीत,
पण म्हणाला, "खतरा तो है, हाँ. कब तक रोकोगे?"

आग्रहाची मला सवय आहे.
माझी मामेसासू,
ताटावर हात आडवा धरला तरी
बोटांच्या फटीतून जिलबी सोडायची.
बाहेर हिंदीत "नहीं" म्हटलं की लोक रुसतात,
"बस" म्हटलं की अजून एक वाढतात.
"नको" तेवढा घरातला शब्द.
त्यात राग नसतो,
पोट भरलंय इतकंच असतं.
तो या फोनला कुठे टाइप करू?

म्हणून माझे आपले देशी उपाय.
निजताना वायफाय बंद.
चार्जर काढून ठेवायचा,
चौदा टक्क्यांवर फोन उपाशी झोपवायचा,
उपाशीपोटी तो नवीन काही घेत नाही.
सकाळी आधी त्याचं, मग माझा चहा.

मला कळतं, तौसीफचं खोटं नाही.
एक दिवस बँकेचं ॲपही म्हणेल,
या आवृत्तीवर मी चालत नाही.
म्हणू दे.
पासबुक शोधून ठेवलंय.
रांगेत उभी राहीन,
माझा नंबर पुकारला की ऐकू येईल.

आत्ता साडेदहा.
यंत्र काढून डबीत ठेवलं,
पंखा गप्प झाला, रस्ता गप्प झाला.
रात्री दोन वाजता
फोन विचारेल बहुधा.
विचारू दे.